जावा लॅबसाठी ‘आधी टेस्ट, मग कोड’ असे सराव कसे तयार करावेत

मागे एका बॅचला मी टॅक्सीच्या मीटरचा सराव दिला होता. पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढे दर किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे, बेरीज जवळच्या रुपयाला धरायची. टेस्टमध्ये अंतरं घातली १०००, १५००, २५०० आणि ३५०० मीटर. दोन तासांत सगळ्या बॅचचं हिरवं झालं, म्हणजे सगळ्या टेस्ट पास. मी खूश. व्हायवाला एका मुलीला सहज विचारलं, ‘तीन किलोमीटरला किती?’ तिने कोड चालवून सांगितलं, ५२. खरं उत्तर ६२.

तिने जादा मीटरना आधी १००० ने भागलं होतं आणि मग दराने गुणलं होतं. इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकांत, १५०० भागिले १००० म्हणजे १, वरचे ५०० मीटर गायब. आणि माझी अंतरं कशी? १५०० अधिक अख्खे किलोमीटर, नाहीतर १५०० च्या आत. असा चुकीचा कोड त्यांतून सुखरूप सुटणारच. बॅचमधल्या निम्म्या मुलांचं तसंच झालं होतं. चूक मुलांची होती, पण ती झाकली मी.

असे सराव करणारे बहुतेक शिक्षक इथेच अडकतात. टेस्ट म्हणजे प्रश्नपत्रिका, आणि ती तपासल्याशिवाय आपण वाटून टाकतो. खालचा क्रम जावा आणि जेयुनिट ५ (जावाच्या टेस्ट लिहायचं-चालवायचं अवजार) धरून दिला आहे. पायथॉन किंवा सी-प्लस-प्लस असेल तर अवजारं बदलतील, क्रम तोच राहील.

## टप्पा १: लॅबची मशीनं आधी, प्रश्न नंतर

प्रॅक्टिकलच्या दिवशी नेट नाही म्हणून मेव्हन (लायब्ररी उतरवून प्रोजेक्ट बांधणारं अवजार) अडकलं की दोन तासांतला पाऊण तास गेलाच. त्यात पाऊस असला की अर्धी बॅच आधीच उशिरा पोचलेली असते. म्हणून हे काम किमान दोन दिवस आधी उरका.

१. सगळ्या मशीनवर एकच जेडीके (जावाचा डेव्हलपमेंट संच) ठेवा, १७ किंवा २१. दोन्ही दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या आहेत. अर्ध्या मशीनवर ८ आणि अर्ध्यांवर २१ असली खिचडी नको.

२. एका मशीनवर रिकामा मेव्हन प्रोजेक्ट करा, त्यात एक फुटकळ टेस्ट घाला आणि ती खरोखर चालवा. नुसतं डिपेंडन्सी उतरवून घेण्याचं ‘गो-ऑफलाइन’ पुरत नाही. शुअरफायर, म्हणजे मेव्हनचं टेस्ट चालवणारं प्लगिन, जेयुनिटचा आपला एक तुकडा टेस्ट चालवायच्या वेळी मागवतं, आणि तो त्यात येत नाही.

३. त्या मशीनच्या होम फोल्डरमधलं ‘डॉट एम-टू’ फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि बाकीच्या मशीनवर टाका. मग नेटची केबल काढून ऑफलाइन पर्यायाने टेस्ट चालवून बघा. केबल खरंच काढा. ‘चालेल बहुतेक’ यावर जाऊ नका.

सावध: शुअरफायरची आवृत्ती २.२२ च्या आधीची असेल तर जेयुनिट ५ च्या टेस्ट त्याला दिसतच नाहीत. वरून ‘बिल्ड सक्सेस’ असं हिरवंगार येतं. चाललेल्या टेस्ट शून्य, आणि मुलं सबमिशन करून मोकळी. क्लासच्या नावाचंही तसंच आहे. नावाच्या सुरुवातीला किंवा शेवटी रोमनमध्ये ‘टेस्ट’ नसेल (शेवटी ‘टेस्ट्स’ किंवा ‘टेस्टकेस’ही चालतं) तर मेव्हन आपणहून तो क्लास उचलत नाही. म्हणून रंग बघू नका, चाललेल्या टेस्टचा आकडा बघा.

तपासा: टेस्टच्या फाइलच्या वरच्या इम्पोर्ट ओळींत ‘ज्युपिटर’ हा शब्द, म्हणजे जेयुनिट ५ ची खूण, आहे का? एडिटर आपोआप इम्पोर्ट सुचवतो तेव्हा मुलं पहिला पर्याय दाबतात, आणि तो बऱ्याचदा जेयुनिट ४ चा निघतो. मग दोन्हींची भेसळ होते, दर टेस्टआधी तयारी करणारं ‘बिफोर-ईच’ चालत नाही, आणि नल पॉइंटर कुठून आला ते कोणालाच कळत नाही.

## टप्पा २: प्रश्न असा लिहा की वादाला जागा उरणार नाही

मीटरचंच उदाहरण पुढे नेऊ. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं ३१ आणि रिक्षाचं २६ रुपये आहे, दोन्ही पहिल्या दीड किलोमीटरसाठी. रिक्षाचा पुढचा दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. रात्री १२ ते पहाटे ५ पाव पट जादा. रोजच्या ओळखीचं असल्यामुळे मुलांना गोष्ट समजवायला वेळ जात नाही. ‘बँक अकाउंट’ आणि ‘शेप, सर्कल, रेक्टँगल’ची उत्तरं मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवली जातात, हा दुसरा फायदा.

आता या नियमांत फटी किती आहेत ते मोजा. बरोबर १२:०० ला रात्रीचा दर लागतो का? बरोबर ५:०० ला? शून्य मीटरला भाडं किती? आणि सगळ्यांत चोरटी फट: रात्रीचा जादा दर आधी लावायचा की रुपयाला आधी धरायचं? टॅक्सीने ३००० मीटरचे होतात ६१ रुपये ९९ पैसे. जादा दर आधी लावला तर ७७ रुपये ४८ पैसे, म्हणजे ७७. आधी ६२ केले आणि मग सव्वापट केली तर साडेसत्याहत्तर, म्हणजे ७८. दोन मुलींनी असे दोन अर्थ लावले तर दोघीही बरोबर, आणि टेस्ट एकीलाच पास करणार. मुलीचं डोकं उठणार आणि चूक तिची नसणार.

म्हणून प्रश्नात नियम सरळ मांडा: ‘१२:०० धरून, ५:०० वगळून. जादा दर पैशांवर लावायचा, रुपयाला सगळ्यांत शेवटी धरायचं. शून्य मीटरलाही किमान भाडं. अंतर ऋण असेल तर इल्लीगल-आर्ग्युमेंट-एक्सेप्शन.’

१. पैसे आणि मीटर दोन्ही पूर्णांकांत ठेवा, म्हणजे ३१ रुपयांचे ३१०० पैसे. डबल, म्हणजे दशांश आकडे, वापरले तर असर्ट-ईक्वल्सला (अपेक्षित आणि मिळालेलं उत्तर ताडणाऱ्या मेथडला) तिसरा आकडा, फरकाची मुभा, द्यावा लागतो, आणि तास दशांशांतच संपतो. फ्लोटिंग पॉइंट शिकवायचा असेल तर तो वेगळा सराव करा.

२. वेळ बाहेरून द्या. भाडं काढणाऱ्या मेथडला अंतर आणि वेळ हे दोन्ही पॅरामीटर हवेत. मुलांनी क्लासच्या आतच ‘आत्ताची वेळ’ विचारली तर दुपारी दोनच्या लॅबमध्ये सगळं हिरवं दिसतं, आणि रात्री साडेबाराला होस्टेलवरून ‘सर, टेस्ट तुटल्या’ असा मेसेज येतो. मला आला आहे.

३. कीबोर्डवरून वाचणं आणि स्क्रीनवर छापणं या क्लासमध्ये नको, असं ठणकावून लिहा. जर्नलला आउटपुट चिकटवायची सवय असल्यामुळे मुलं कन्स्ट्रक्टरमध्येसुद्धा स्कॅनर घालतात. मग टेस्ट चालू होते, इनपुटची वाट बघत बसते आणि मूल म्हणतं, ‘मशीन हँग झालं.’ छापायचंच असेल तर त्यासाठी वेगळा मेन क्लास द्या.

## टप्पा ३: आधी तुमचं उत्तर, मग सांगाडा

प्रश्न लिहिल्यावर तो स्वतः सोडवा, तोही मुलांच्याच मशीनवर, घड्याळ लावून. माझा हिशेब सोपा आहे: मला लागला त्याच्या चौपट वेळ दुसऱ्या वर्षाच्या मुलाला लागतो. मला पंचवीस मिनिटं लागली तर दोन तासांच्या प्रॅक्टिकलला पुरे, चाळीस लागली तर सरावाचे दोन भाग करा.

मग त्या उत्तरातून सांगाडा काढा. क्लासची नावं, मेथडच्या सिग्नेचर, पॅरामीटरचे प्रकार, सगळं जागच्या जागी, फक्त मेथडचं पोट रिकामं. पोटात ‘रिटर्न ०’ लिहू नका, ‘अनसपोर्टेड-ऑपरेशन-एक्सेप्शन’ फेका. ‘रिटर्न ०’ असलं की उत्तर शून्य अपेक्षिणारी टेस्ट काहीही न लिहिता पास होते.

सांगाडा न देता ‘क्लास तुम्हीच लिहा’ म्हणालात, तर मुलाने एका मेथडच्या नावात एक अक्षर चुकवलं की अख्खी टेस्ट फाइल कंपाइल होत नाही. बारापैकी एकही टेस्ट चालत नाही आणि पडद्यावर लाल रेघांचा पाऊस. पहिल्या तीन-चार सरावांत सांगाडा द्याच. पुढे क्लास त्यांनीच ठरवायचे असतील तर दर टप्प्याची टेस्ट वेगळ्या फाइलमध्ये आणि वेगळ्या प्रोजेक्टमध्ये ठेवा.

## टप्पा ४: टेस्ट लिहा, पण आकडे जपून निवडा

एका टेस्टमध्ये एकच गोष्ट तपासा. पाच असर्ट एका मेथडमध्ये कोंबले तर पहिला तुटल्यावर पुढचे चार चालतच नाहीत, आणि मुलाला एकाच चुकीची खबर लागते.

नावं मराठीत द्या. जेयुनिटच्या ‘डिस्प्ले-नेम’मध्ये ‘१६०० मीटरला टॅक्सीचे ३३ रुपये’ असं लिहिलं की टेस्ट तुटल्यावर एडिटरमध्ये नेमकं तेच वाक्य दिसतं. विंडोजवर जेडीके १७ असेल तर मेव्हनच्या पॉम या सेटिंगच्या फाइलमध्ये सोर्स एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा, नाहीतर देवनागरीच्या जागी कचरा दिसेल. जेडीके १८ पासून यूटीएफ-८ हेच मूळ धोरण आहे.

आकडे निवडताना प्रत्येकाला विचारा, ‘तू कोणाला पकडायला उभा आहेस?’

१००० मीटर (उत्तर ३१): ‘जादा अंतर’ काढताना १५०० वजा करून उणे आकड्याला गुणणाऱ्याला. त्याचं येईल २१.

१६०० मीटर (उत्तर ३३): आधी भागणाऱ्याला. त्याचं ३१ वरच अडेल.

३००० मीटर (उत्तर ६२): पैसे तसेच कापून टाकणाऱ्याला. त्याचं ६१.

३००० मीटर, रात्री १:०० (उत्तर ७७): आधी रुपयाला धरणाऱ्याला. त्याचं ७८.

१५०० मीटर, रात्री १२:०० (उत्तर ३९): ‘मध्यरात्रीनंतर’ अशी तुलना करणाऱ्याला. लोकल-टाइमची ‘इज-आफ्टर’ बरोबर १२:०० ला खोटं सांगते.

४:५९ आणि ५:०० अशी जोडी पहाटेच्या कडेला लावा. ऋण अंतराची एक टेस्ट वेगळी.

आता एक गंमत. ‘१५०० पेक्षा कमी’ आणि ‘१५०० किंवा कमी’ यांत मुलं हमखास गोंधळतात, म्हणून त्यासाठी टेस्ट लिहायला मी एकदा अर्धा तास घालवला. मग लक्षात आलं की बरोबर १५०० ला जादा अंतर शून्यच असतं, दोन्ही वाटांनी ३१ येतात. ही चूक पकडणारी टेस्ट असूच शकत नाही, कारण ती चूकच नाही. असे आकडे सोडून द्या. कडेचं मूल्य म्हणून ते पाठ्यपुस्तकात शोभतं, इथे काही पकडत नाही.

सावध: असर्ट-ईक्वल्समध्ये अपेक्षित उत्तर आधी, मुलाच्या कोडचं नंतर. उलट लिहिलं तरी टेस्ट चालते, पण ‘अपेक्षित ५२, मिळाले ६२’ असा उफराटा निरोप येतो आणि मूल भलतीकडेच चूक शोधत बसतं.

सावध: एक्सेप्शनच्या टेस्टमध्ये नुसतं ‘एक्सेप्शन’ अपेक्षू नका, नेमका प्रकार लिहा. वांद्र्यापुढे दक्षिणेला रिक्षा जात नाही, म्हणून ‘माहीम’ दिल्यावर एक्सेप्शन यायला हवं, अशी टेस्ट आहे समजा. ढोबळ प्रकार लिहिलात तर नल पॉइंटरही चालून जातो. इतकंच काय, टप्पा ३ मधला रिकामा सांगाडाही पास होतो.

अनंत लूपचा बंदोबस्तही इथेच करा. जेयुनिटचं साधं ‘टाइमआउट’ थ्रेडला थांबण्याची विनंती करतं, आणि नुसतं फिरत राहिलेलं व्हाइल लूप ती विनंती ऐकत नाही. ‘असर्ट-टाइमआउट-प्रीएम्प्टिव्हली’ मुलाचा कोड वेगळ्या थ्रेडवर चालवतं, दोन सेकंदांनी हात झटकून टेस्ट लाल करतं आणि पुढे जातं.

### ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाग टेस्टमधून कसा तपासायचा

वरचे सगळे आकडे एका स्टॅटिक मेथडनेही पास होतील. क्लास, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम हे खरोखर वापरलं की नाही, ते कसं कळणार? बरेच जण इथे रिफ्लेक्शन (प्रोग्राममधूनच क्लासच्या आत डोकावणं) वापरून ‘प्रायव्हेट फील्ड आहे का, त्याचं नाव अमुक आहे का’ असं तपासतात. माझ्या मते हे चोराच्या खिशात हात घालण्यासारखं आहे. मुलाने फील्डचं नाव बदललं की टेस्ट तुटते, मीटर मात्र बरोबरच असतं. वागणूक तपासा, पोट फाडू नका. त्याच्या तीन युक्त्या सांगतो.

पहिली, टेस्टच्या फाइलमध्येच तिसरं वाहन काढा. मुलांनी ‘वाहन’ या मूळ क्लासवरून टॅक्सी आणि रिक्षा केली आहे, आणि वाहनांच्या यादीवरून दिवसाची कमाई काढणारा क्लास लिहिला आहे. आपण टेस्टमध्ये ‘व्हिक्टोरिया’ नावाचा वाहनाचाच एक उपक्लास करायचा, भाडं सरसकट १०० रुपये. (घोडागाड्या मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, आमच्या टेस्टमध्ये अजून धावतात.) ज्याने ‘इन्स्टन्स-ऑफ टॅक्सी असेल तर हे, रिक्षा असेल तर ते’ असं लिहिलं, त्याची कमाई शंभराने कमी पडते. पॉलिमॉर्फिझम नाही हे एका आकड्यात उघडं.

दुसरी, दोन ऑब्जेक्ट एकाच टेस्टमध्ये आळीपाळीने चालवा. एका टॅक्सीच्या दोन फेऱ्या, मग दुसरीची एक, मग पहिलीची कमाई विचारा. ‘नॉन-स्टॅटिक’चा एरर आला म्हणून सगळंच स्टॅटिक करून टाकणारे इथे सापडतात.

तिसरी, फेऱ्यांची यादी मागा, परत आलेली यादी रिकामी करून बघा, आणि मग एकूण कमाई विचारा. मुलाने आतलीच यादी हातात दिली असेल तर कमाई शून्य होते. ‘यूओई’ म्हणजे अनमॉडिफायेबल यादीने फेकलेलं अनसपोर्टेड-ऑपरेशन-एक्सेप्शन आलं तर तेही बरोबर धरा, टेस्ट तशी लिहा. एनकॅप्सुलेशनची व्याख्या दहादा लिहून घेतली तरी जे कळत नाही, ते या एका लाल रेघेने कळतं.

## टप्पा ५: मुद्दाम चुकीची उत्तरं लिहा

हा टप्पा सगळे गाळतात आणि सगळी गडबड इथूनच होते. वेळ नसेल तर चौथ्या टप्प्यातल्या टेस्ट कमी करा, पण हा सोडू नका.

१. रिकामा सांगाडा टेस्टला लावा. सगळ्या लाल व्हायला हव्यात. एखादी हिरवी दिसली तर ती टेस्ट काहीच तपासत नाही.

२. तुमचं उत्तर लावा. सगळ्या हिरव्या.

३. तुमच्या उत्तराच्या पाच-सहा प्रती करा आणि प्रत्येकीत एकच चूक घाला: आधी भागाकार, पैसे कापणं, १२:०० वगळणं, स्टॅटिक कमाई, इन्स्टन्स-ऑफ. दर प्रतीला किमान एक टेस्ट लाल झाली पाहिजे. माझा सुरुवातीचा २५०० मीटरवाला घोटाळा इथे दोन मिनिटांत सापडला असता.

४. टेस्टचा क्रम उलटा करून एकदा चालवा. जेयुनिट प्रत्येक टेस्टसाठी टेस्ट क्लासचं नवं ऑब्जेक्ट करतं, पण स्टॅटिक फील्ड तशीच राहतात. क्रम बदलल्यावर निकाल बदलला तर तुमच्याच टेस्ट एकमेकींना चिकटल्या आहेत.

चुका घालायचं हे काम ‘पिट’ नावाचं अवजार आपोआप करतं. मोठ्या सरावाला ते जरूर वापरा. पहिल्या चार-पाच सरावांना हातानेच करा, मुलं नेमकी कुठे घसरतील याचा अंदाज त्यातून येतो.

## टप्पा ६: वाटप आणि प्रत्यक्ष तास

पहिली टेस्ट सोडून बाकी सगळ्यांवर ‘डिसेबल्ड’ लावून द्या. मुलाने पहिली लाल बघायची, कोड लिहायचा, हिरवी करायची, मग पुढच्या टेस्टवरची ती ओळ काढायची. एकदम चौदा लाल रेघा दिसल्या की मूल सगळा प्रोग्राम एका दमात लिहायला घेतं. मग टेस्ट आधी असल्याचा उपयोगच राहत नाही.

दर हिरव्यानंतर गिटमध्ये एक कमिट करायला सांगा. नंतर इतिहास बघितला की सात लहान कमिट आहेत की ११:५५ ला आलेला एकच मोठा, हे दिसतं. दुसरा प्रकार असेल तर व्हायवाला जरा जास्त थांबा.

फळ्यावर एकच नियम लिहा: टेस्टच्या फाइलमधल्या ‘डिसेबल्ड’च्या ओळी सोडून कशालाही हात लावायचा नाही. तरी कोणीतरी लावतंच. म्हणून तपासताना मुलांच्या टेस्ट फाइल फेकून तुमच्या मूळ फाइल वर टाका आणि मगच चालवा.

तासात फिरताना मुलाच्या पडद्यावर टेस्ट तुटलेली दिसली तर कोडकडे बोट दाखवू नका. आधी निरोप मोठ्याने वाचायला लावा. ‘अपेक्षित ३३, मिळाले ३१’ एवढं वाचून पाच मुलांपैकी तीन जण ‘हां हां, सर, कळलं’ म्हणतात.

## टप्पा ७: तपासणी

काही मुलं ‘मीटर ३००० असेल तर ६२ परत दे’ असं लिहितात. त्यांच्यासाठी तुमच्याकडे राखीव आकड्यांची एक टेस्ट फाइल हवी: टॅक्सी १७०० ला ३५, ४२०० ला ८७, रिक्षा १६०० ला २८, ३००० ला ५२. आकडे नवे, नियम मात्र तेच. प्रश्नात न सांगितलेला नियम राखीव टेस्टमध्ये घुसवला, तर मुलं पुढच्या वेळी प्रश्न वाचायचं सोडून तुमच्या मनात काय आहे ते ओळखत बसतील.

पास झालेल्या टेस्टच्या टक्केवारीवर थेट गुण देऊ नका. चौदा टेस्टपैकी नऊ साध्या भाड्याच्या असतात, आणि व्हिक्टोरियाची एकच. टक्केवारी लावली तर पॉलिमॉर्फिझम न जमलेल्याला तेरा-चौदांश गुण मिळतात. टेस्टचे गट करा आणि गटाला गुण द्या: आकडेमोड, रात्रीचा दर, क्लासची रचना. रचनेच्या गटाला निम्मे गुण असावेत, विषय तोच आहे.

चौथ्या-पाचव्या सरावापासून डाव उलटा करा. मुलांना प्रश्न द्या आणि टेस्ट त्यांनाच लिहू द्या. तुमच्याकडे टप्पा ५ मधल्या चुकीच्या प्रती तयारच आहेत, त्यांवर मुलांच्या टेस्ट चालवा. बरोबर उत्तर पास झालंच पाहिजे, आणि सहापैकी जितक्या प्रती पकडल्या तितके गुण. पहिल्या वेळी बहुतेकांच्या दोन पकडल्या जातात, आणि आधी भागाकार करणारी प्रत जवळजवळ सगळ्यांच्या हातून निसटते. ती निसटली की त्यांना सुरुवातीच्या त्या चार आकड्यांची गोष्ट सांगा, माझं नाव घेऊन सांगितली तरी चालेल.